नायिका आईच असते

अध्यक्ष, व्याख्यानमालेचे चालक आणि पंख्याखालच्या खुर्च्या धरायला तासभर आधी आलेले श्रोतेहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'अ‍ॅलिस वू : लेखिका आणि दिग्दर्शिका'. बाई कोण, हे तुम्ही मोबाइलवर पाहूनच आला असाल, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. तैवानहून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांची मुलगी. जन्म १९७० चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा. स्टॅनफर्डमधून संगणकशास्त्र, मग मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी. इथपर्यंत सभागृहातले निम्मे पालक माना डोलावताहेत, मला दिसतंय. पुढे, आपण समलिंगी आहोत हे तिने आईला सांगितलं, आणि बराच काळ मायलेकींचं बोलणं बंद झालं. नोकरीही सोडली, सिनेमा काढायला. आता माना डोलायच्या थांबल्या. (हशा)

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर 'बाई फसवून तिकडे घेऊन गेल्या' असं व्हायला नको. परदेशात वाढलेली लेक सिनेमा काढते तेव्हा लोक त्यात मुलीचं बंड शोधतात. मला वाटतं, ते सिनेमे आईबापांचे असतात. माझी बहीण म्हणते, मी सत्तरीकडे झुकले म्हणून मला तसं दिसतं. असेल. पण पडद्यावर जे आहे ते आहेच.

वूने स्वतःला पाच वर्षांची मुदत दिली होती, तेवढ्यात चित्रपट झाला तर झाला. 'सेव्हिंग फेस' २००४ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. विल नावाची तरुण सर्जन, तिचं व्हिव्हियन या नर्तिकेवर प्रेम. घरात कुणाला पत्ता नाही. दर शुक्रवारी न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात चिनी मंडळी जेवायला, नाचायला जमतात, आणि आया आपापल्या मुलामुलींच्या जोड्या लावत फिरतात. आपला वधूवर मेळावाच, फक्त बायोडेटाची फाईल नाही. आणि एके दिवशी विलच्या दारात तिची आई उभी. अठ्ठेचाळीस वर्षांची विधवा, गरोदर. बाळाचा बाप कोण ते सांगत नाही म्हणून तिच्या वडिलांनी तिला घराबाहेर काढलंय. समाजात तोंड दाखवायला जागा उरली नाही ती मुलीमुळे नव्हे, आईमुळे!

ही आई झालीय जोन चेन. आता दोन मिनिटं या बाईंबद्दल बोलू द्या, मग पुढे जाते. एक प्रसंग आहे. लेकीच्या घरात कंटाळलेली आई व्हिडिओच्या दुकानात जाते. चिनी चित्रपटांचा कप्पा विचारते. तिथे 'द लास्ट एम्परर' आहे, 'द जॉय लक क्लब' आहे, आणि बाकी सगळ्या... सभ्य भाषेत सांगायचं तर प्रौढांच्या कॅसेटी. (हशा) अमेरिकेला चीन एवढाच माहीत. त्या 'लास्ट एम्परर'मध्ये १९८७ साली सम्राज्ञी कोण झाली होती? हीच जोन चेन! म्हणजे बाई स्वतःच्याच सिनेमासमोर उभ्या आहेत आणि चेहऱ्यावर रेषा हलत नाही. शेवटी घरी काय नेते? प्रौढांची कॅसेट. पहिल्या रांगेतले काका, तुम्ही हसलात तरी चालेल, काकू हसताहेत. तर त्या घरात पहिल्यांदाच एक बाई टीव्हीसमोर एकटी बसून स्वतःच्या देहाबद्दल कुतूहलाने बघते. जन्मभर आधी बापाची लेक, मग नवऱ्याची बायको, मग लेकीची आई. माझ्या म्हणण्याचा सगळा भार मी या कॅसेटीवर टाकायला तयार आहे. आपल्या आईच्या आयुष्यातही प्रेमाला अजून उशीर झालेला नाही, हे वूला सांगायचं होतं. ते तिने मुलाखतींतूनही सांगितलंय.

एक चिठ्ठी आलीय. 'तुम्ही आईच्या पदराआड मुलीचं समलिंगी असणं लपवताय का?' सही नाही, पण अक्षर तरुण आहे. नाही हो, लपवत नाही. चित्रपटाच्या शेवटी त्याच शुक्रवारच्या नाचाला, सगळ्या मंडळींसमोर विल व्हिव्हियनचं चुंबन घेते. कुठेही काटछाट नाही. उलट हीच कथा गोऱ्या कुटुंबाची करा, इंग्रजीत करा, असे सल्ले तिला मिळत होते. तिने ऐकले नाहीत, घरातली माणसं पडद्यावर मँडरिनच बोलतात. तरी तुमची चिठ्ठी मी ठेवून घेते. आईबापांवर प्रेम करणाऱ्या माणसाला ती बोचायलाच हवी.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. मग पुढची सोळा वर्षं एका वाक्यात. आई आजारी पडली, वूने सिनेमा सोडला आणि तिच्याजवळ राहायला गेली.

परत लिहायला बसली तेव्हा स्वतःच्या आळशीपणावर तिने उपाय काढला. बंदूकवाल्यांच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या नावे हजार डॉलरचा चेक लिहून मैत्रिणीकडे दिला. पाच आठवड्यांत पहिला खर्डा झाला नाही तर टपालात टाक! खर्डा झाला. 'द हाफ ऑफ इट' २०२०च्या मे महिन्यात नेटफ्लिक्सवर आला. दुसऱ्याच्या नावाने प्रेमपत्रं लिहिणाऱ्या सिरानोची जुनी कथा तुम्हाला ठाऊकच आहे, ती सोडते. एली चू पैसे घेऊन दुसऱ्या मुलाची प्रेमपत्रं लिहिते आणि ज्या मुलीला लिहिते तिच्यावर तिचंच प्रेम बसतं. पण एलीला पैसे का हवेत? विजेचं बिल थकलंय म्हणून. वीज कंपनीशी फोनवर बोलणं वडिलांना जमत नाही. माणूस चीनमध्ये शिकलेला इंजिनिअर, आणि अमेरिकेतल्या आडगावी रेल्वे स्थानक सांभाळतो. संध्याकाळी जुने इंग्रजी सिनेमे बघत बसतो. वूने त्याला विनोदी पात्र केलेलं नाही. पत्रं लिहून घेणारा तो फुटबॉल खेळणारा मुलगा त्याच्याशेजारी डंपलिंग वळायला बसतो तेव्हा बाप त्याच्याशी सरळ मँडरिनमध्ये बोलतो. मुलाला अक्षर कळत नाही. तो मुकाट्याने ऐकतो.

शेवटी एलीचं लग्न नाही, जोडी नाही. ती कॉलेजला जाते, आगगाडीत बसून. हे ऐकून चिठ्ठीवाली मुलगी खूश होईल, आणि मी अडचणीत येईन, कारण इथे मुलगीच निघून जाते आणि बाप मागे राहतो. यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण घंटा वाजली. त्यासाठी उद्याच्या वक्त्यांचा वेळ चोरता येत नाही. चिठ्ठीवालीने बाहेर भेटावं, मी चपलांच्या रॅकजवळ थांबते.