पाठीवरचे ओझे



कॅनडात १८९३ साली स्थापन झालेले अल्गॉन्क्विन उद्यान आहे. तेथील रानात तिघी मैत्रिणींबरोबर मी ‘कनू’ नावाच्या हलक्या होडीतून चार दिवस हिंडले. एक सरोवर संपले की होडी डोक्यावर उलटी घ्यावयाची, सामान पाठीवर टाकावयाचे आणि पुढच्या सरोवरापर्यंत पायी जावयाचे. मी हौसेने डबे, पातेली, जादा पांघरुणे घेतली होती. पहिल्याच वाटेवर माझा गुडघा दुखावला. मैत्रिणींनी दुसरी खेप करून माझे ओझे वाहिले. कोणी शब्दाने बोलले नाही. मलाच लाज वाटली.

रात्री अस्वलाच्या भयाने शिधा झाडाला उंच टांगताना मनाशी ठरविले, निघण्यापूर्वी आपली पिशवी आपण उचलून पाहावी. मंडळाचे काम पत्करतानाही मी आता तेच करते.