डाळिंबाचें झुडूप आणि पाण्याचा ताण

सोलापूर किंवा नाशिक जिल्ह्यांतील डाळिंबाची बाग ताणाच्या दिवसांत पाहणाऱ्या शहरवासी मनुष्यास ती वाळून चालली असेंच वाटेल. पानें पिवळीं पडलेलीं, पुष्कळशीं गळालेलीं, आणि विहिरींत पाणी असूनहि बाग कोरडी! परंतु बागाइतदारानें हें बुद्धिपुरस्सर केलेलें असतें. मोकळें सोडलें तर हें झुडूप वर्षभर थोडथोडें फुलत राहतें. तें एकदम फुलावें म्हणून त्यास कांहीं आठवडे तहानलेलें ठेवून मग छाटणी, खत व पाणी द्यावयाचें, यासच बहार धरणें म्हणतात. आंबे, मृग व हस्त हे तिन्ही बहार याच युक्तीवर उभे आहेत.

या तहानेंत झुडूप मरत कां नाहीं? वनस्पतींना मज्जातंतू नाहींत. त्यांचे निरोप संप्रेरकें पोंचवितात. अवर्षणाचा मुख्य निरोप्या म्हणजे ॲब्सिसिक ॲसिड. अमेरिकेंत ॲडिकॉट यांस कापसाच्या बोंडांत व वेल्समध्यें वेअरिंग यांस सिकॅमोरच्या पानांत सांपडलेलीं द्रव्यें एकच आहेत, हें १९६५ सालीं सिद्ध झालें. पुढें १९६९ सालीं, गव्हाचें पान कोमेजूं लागतांच त्यांतील हें द्रव्य अनेक पटींनीं वाढतें, असें आढळलें.

पानावरील प्रत्येक सूक्ष्म रंध्राशीं दोन रक्षकपेशी असतात. हें संप्रेरक तेथें पोंचलें कीं पेशींतील पोटॅशियमचे क्षार बाहेर पडतात, त्यांमागोमाग पाणी जातें, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतें. पाणी वांचतें खरें. पण त्याच दारानें येणारा कार्बन डायॉक्साइडहि अडतो. म्हणजे तहान टाळण्यासाठीं झुडूप उपवास पत्करतें. ताण लांबला कीं मुळांकडून येणारें सायटोकायनिन रोडावतें, पानांतील ऑक्सिन घटतें, इथिलीनचा प्रभाव वाढतो, आणि देठाशीं पेशींचा एक दुबळा थर तयार होऊन पान गळतें. बागाइतदार इथेफॉन फवारतात तेंहि याचसाठीं. वनस्पतीच्या अंगांत त्यापासून इथिलीनच सुटतें.

पाणी मिळाल्यावर ॲब्सिसिक ॲसिडाचें विघटन होतें, सायटोकायनिनचा ओघ पुन्हां सुरू होतो व डोळे फुटूं लागतात. मात्र नव्या फुटीस पहिलें अन्न पुरवितो तो फांद्यांत व मुळांत सांठलेला पिष्टसंचय. पानेंच नाहींत, तेथें दुसरें अन्न येणार कोठून?

म्हणूनच ताण किती द्यावा, या प्रश्नावर बागाइतदाराची वर्षाची कमाई अवलंबून असते. अपुऱ्या ताणानें पालाच माजतो. अति ताणानें शिलकीचें अन्न संपतें; शिवाय खोडाच्या जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून पाण्याची धार तुटते, आणि तुटलेली धार कोणतेंहि संप्रेरक आपल्या बळावर जोडूं शकत नाहीं. हलक्या जमिनींत ताण लवकर बसतो, भारी जमिनींत उशिरां. तेव्हां एकाच्या बागेचें पंचांग दुसऱ्याच्या बागेस लागू पडत नाहीं. फळें धरल्यावर तर पाण्यांतील अनियमितपणा तीं तडकवितो.

डाळिंबासाठीं सोलापुरास २००५ सालीं राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झालें. तथापि फवारणीनें पान गाळतां येतें, शिल्लक निर्माण करतां येत नाहीं. उपवास सोसतो तो ज्याच्या कोठारांत धान्य आहे त्यालाच. म्हणून ताणाची खरी तयारी पाणी तोडण्याच्या दिवशीं नव्हे, तर मागील हंगामांत झुडूप हिरवेंगार असतांनाच करावयाची असते.