निर्णयाचा सराव

(परिचर्या विद्यार्थ्यांच्या सराववर्गाच्या प्रारंभी प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रुग्णाच्या उशाशी काय करावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु या वर्गासाठी विश्वस्त मंडळाकडे निधी मीच मागितला, तेव्हा त्याचे कारण सांगणे माझे कर्तव्य आहे.

बारामती व इंदापूर हे उसाचे तालुके. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की शिवारात तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. माणसे भुईवर निजतात आणि मण्यार रात्रीच हिंडते.

सरावाचा पहिला प्रसंग असा रचला आहे. पहाटे कोपीतून एक तरुणी येते. पोटात दुखते, गिळताना त्रास होतो. अंगावर दंशाची खूण नाही. काचेच्या कोरड्या नळीत २ मि.ली. रक्त घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवले. नळी तिरपी केली, तर रक्त गोठलेले आहे. पुढे काय?

चाचणीदाखल घेतलेल्या सरावात बहुतेकांनी लिहिले, 'विषबाधा नाही.' ही नळी घोणस-फुरशाचे विष ओळखते. मण्यारीचे विष मज्जासंस्थेवर जाते. रक्त गोठतच राहते. त्या २० मिनिटांत पापण्या पाहावयाच्या, उशीवरून मान उचलावयास सांगावयाचे, एका श्वासात आकडे मोजून घ्यावयाचे. पापणी झुकू लागली की ऑक्सिजन व अंबू बॅग उशाशी आणि डॉक्टरांना निरोप, तत्काळ. प्रतिसर्पविष द्यावे की नाही हे डॉक्टर ठरवितील. त्यांना झोपेतून उठविण्याचा निर्णय मात्र तुमचा.

पूर्वी मी अन्यत्र नोकरीस असताना एका विद्यार्थिनीची नोंद पाहिली होती : 'पहाटे ४.१०, पापण्या जड.' निरोप गेला ५ वाजता. रुग्ण वाचला, परंतु अनेक दिवस कृत्रिम श्वासावर राहून. विलंबाचे कारण मी विचारले. ती म्हणाली, "साहेब रागावतील असं वाटलं." तिच्या निरीक्षणात खोट नव्हती, निरोप देण्याची सवय तिला कोणी लावलीच नव्हती.

म्हणून येथे प्रत्येकाने आपला निर्णय व त्याचे कारण शिक्षिका बोलण्यापूर्वी लिहावयाचे आहे. चुकीला गुण कापले जाणार नाहीत. निवासी डॉक्टरही सरावात असतील. रात्रीचा दूरध्वनी तेच घेतील, आणि न रागावता घेण्याचा सराव त्यांनाही होईल.

नळ्या काचेच्याच आणल्या आहेत; प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसवी ठरते. स्वस्त पडतात म्हणून प्लास्टिकच्या घ्याव्यात, असे प्रथम मीच सुचविले होते.