नाकारलेल्या चाली : कोड्यांची उकल आणि संगणकीय इंजिन

बुद्धिबळाचे प्रशिक्षक, कोडी रचणारे आणि कोडी सोडवणारे यांच्या या संमेलनात अध्यक्षीय विवेचनासाठी निवडलेला विषय वरकरणी तांत्रिक वाटला, तरी सभागृहातील प्रत्येकाच्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध आहे. डावपेचाचे कोडे म्हणजे पटावरची अशी स्थिती, की जीत एका बाजूने अचूक चालींच्या साखळीने विजय किंवा बरोबरी साधायची असते. आणि ते सोडवून झाल्यावर उकल इंजिनाकडून, म्हणजे पुढे संभवणाऱ्या लक्षावधी चाली धुंडाळून सर्वोत्तम चाल सांगणाऱ्या संगणक-प्रणालीकडून, तपासून घेण्याची रीत आता सर्वत्र रुळली आहे. ही तपासणी हवीच, याविषयी दुमत नाही. ती ज्या तऱ्हेने होते, तिने मात्र विद्यार्थ्यांचे मोठे नुकसान चालवले आहे, हे या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

नुकसान कसे होते, हे एका सुप्रसिद्ध रचनेवरून दिसेल. १८७५ सालच्या एका बरोबरीत सुटलेल्या डावावरून तयार झालेली स्थिती जॉर्ज बार्बिए यांनी १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात दिली. आज प्रचलित असलेल्या रूपात पांढऱ्याचा राजा बी-६ वर आणि एकच प्यादे सी-६ वर, काळ्याचा राजा ए-१ वर आणि हत्ती डी-५ वर, अशी ती अवघ्या चार मोहऱ्यांची मांडणी आहे. प्यादे सी-७ वर सरकते, हत्ती शहामागून शह देतो आणि पांढरा राजा बी-५, बी-४, बी-३ असा एकेक घर खाली उतरत सी-२ वर येतो, तेव्हा काळा हत्ती डी-४ वर जाऊन बसतो. आता प्याद्याचा वजीर केला, तर हत्ती सी-४ वर येऊन शह देतो, वजिराने तो मारला की काळ्या राजाला शह नसतानाही जायला एकही घर उरत नाही आणि डाव स्टेलमेट होऊन बरोबरीत सुटतो. बार्बिए यांचा निकाल हाच होता. त्याच शहरात राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांदो सावेद्रा यांनी दाखवून दिले, की वजिराऐवजी हत्ती घेतला तर ए-८ वरून मात होण्याचा धाक उभा राहतो, काळ्याला आपला हत्ती ए-४ वर आणणे भाग पडते, आणि पांढरा राजा बी-३ वर येताच तो हत्तीही धरतो आणि सी-१ वरच्या मातीचीही तयारी करतो.

काळा हत्ती डी-४ वर आल्यानंतरची ही स्थिती आज इंजिनापुढे ठेवली, तर उत्तर क्षणात मिळते : सी-८ वर हत्ती. विद्यार्थी वहीत बरोबरची खूण करतो आणि पुढच्या कोड्याकडे वळतो. पण या रचनेचा सगळा अर्थ वजीर करण्याच्या चालीत, म्हणजे इंजिनाने न दाखवलेल्या चालीत दडलेला आहे. राजा पहिल्याच शहाला सी-५ वर का जात नाही, याचेही उत्तर नाकारलेल्या चालीतच सापडते : तसे केल्यास हत्ती डी-१ वर उतरतो आणि पुढे सी-१ वरून शह देऊन राजामागचा नवा वजीर टिपतो. इंजिन सर्वोत्तम चाल सांगते. ज्या चाली त्याने टाकल्या, त्या का टाकल्या हे ते आपणहून सांगत नाही. म्हणून तपासणीची खरी पद्धत अशी, की सोडवणाऱ्याने आपली संपूर्ण उकल प्रतिपक्षाच्या बचावांसह आधी कागदावर लिहावी, मग मोहाच्या चाली स्वतः पटावर करून इंजिनाला काळ्याच्या बाजूने उत्तर द्यायला लावावे, आणि ते उत्तर समजेपर्यंत पुढे जाऊ नये.

दुसरी गफलत आकड्यांची आहे. इंजिन स्थितीचे मूल्य आकड्यात देते. पूर्वी एक हा आकडा साधारणपणे एका प्याद्याच्या वर्चस्वाइतका मानला जाई, तर २०२२ च्या अखेरीपासून स्टॉकफिश या इंजिनामध्ये त्याचा अर्थ जिंकण्याची शक्यता निम्मी, असा ठरवलेला आहे. विद्यार्थ्याच्या चालीला पाच आणि इंजिनाच्या चालीला सात असे मूल्य आले, की तो आपली उकल चुकली असे समजतो, वास्तविक दोन्ही चालींनी डाव जिंकलेलाच असतो. अशा वेळी दोष असलाच तर कोड्याचा असतो, कारण पहिल्याच चालीला विजयाचे दोन मार्ग निघाले की रचना सदोष ठरते. कोडेकार अशा अनपेक्षित दुसऱ्या उकलीला ‘कूक’ म्हणतात. एकाच वेळी दोन-तीन सर्वोत्तम मार्ग दाखवण्याची सोय इंजिनात असते. कोडे छापण्यापूर्वी ती न वापरणाऱ्या संपादकाला सबब नाही.

इंजिन चुकतच नाही, असेही नाही. वेळ वाचवण्यासाठी ते एक युक्ती करते : आपली चाल सोडून दिली तरी स्थिती चांगलीच राहते, असे दिसले तर ती शाखा अधिक खोल तपासत नाही. पण झुगझ्वांगमध्ये, म्हणजे चाल करावी लागणे हेच ज्या स्थितीत संकट असते तिथे, हे गृहीतकच कोसळते. नुसते राजे आणि प्यादी उरली असता आजची इंजिने ही युक्ती बाजूला ठेवतात. तरीही गुंतागुंतीच्या रचनांत, किंवा प्याद्यांची भिंत उभी राहून कोणालाच आत शिरता येत नाही अशा कोंडीत, मोठा आकडा दाखवून ती बराच काळ फसत राहू शकतात.

मोजकी मोहरी उरली, की टेबलबेस उपयोगी पडतो. त्यात प्रत्येक संभाव्य स्थितीचा निकाल मातीपासून उलट मोजत आधीच काढून ठेवलेला असतो. २०१८ पासून राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतचे असे निकाल सर्वांना मोफत उपलब्ध आहेत. दोन उंटांविरुद्ध एक घोडा या अंत्यडावात घोड्याला बचावाचा किल्ला बांधता येतो, असे १८५१ मध्ये क्लिंग आणि होरविट्झ या अभ्यासकांनी लिहिले आणि ते शतकाहून अधिक काळ प्रमाण मानले गेले. १९८३ मध्ये केन थॉम्पसन यांच्या संगणकीय गणनेने तो किल्ला फुटतो हे सिद्ध केले, मात्र विजयाला कधी कधी ६६ चाली लागतात. इथे एक बारकावा प्रशिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा. प्रत्यक्ष डावात मोहरे न मारता आणि प्यादे न हलवता ५० चाली झाल्या तर बरोबरी मागता येते. रचनांना, तसे मुद्दाम नमूद केलेले नसल्यास, हा नियम लागू होत नाही. इंजिन मात्र आपल्या मूळ मांडणीत तो धरूनच चालते, त्यामुळे जिंकणारी रचना ते बरोबरीची म्हणून दाखवू शकते.

इंजिनाचा निकाल असा नियमांशी जखडलेला असतो, हे आपल्याकडच्या जुन्या डावांचे जतन करू पाहणाऱ्यांना तर विशेष महत्त्वाचे आहे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर सरकते, आणि अनेक ठिकाणी ते शेवटच्या घरात पोहोचल्यावर त्या उभ्या रांगेतल्या मोहऱ्याचेच रूप घेते. सी रांग उंटाची. त्या नियमाने सावेद्रा यांच्या प्याद्याचा हत्तीही होत नाही आणि वजीरही होत नाही. उंट पटावर येतो, आणि पांढऱ्याच्या हाती विजय राहत नाही.