धातूच्या पोटातली पोकळी

श्रोतेहो, माठ घेताना आपण तो आधी बोटानं वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडकलेला. पण जी खोट डोळ्यांना दिसत नाही आणि कानालाही कळत नाही, ती ओळखायची कशी?

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्यानं रुमालातून धातूच्या पट्टीचे दोन तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, "सर, बाहेरून कुठं खोट दिसत नव्हती. मग मोडली का?" मी गणिताचा माणूस, तरी भिंग घेऊन पाहिलं. मोडल्या जागी, अगदी कडेजवळ, सुईच्या टोकाएवढी पोकळी होती.

ही पट्टी ओतीव नव्हती. यंत्रानं थरावर थर देऊन ती घडवली होती. धातूची पिठासारखी भुकटी पसरायची, लेसर किरणानं हवी तेवढीच वितळवायची, की त्यावर पुन्हा भुकटी. एका मिलिमीटरात असे वीस-पंचवीस थर बसतात!

पोकळी राहण्याची मुख्य कारणं तीन. उष्णता कमी पडली, तर थर एकजीव होत नाहीत आणि मध्ये वेडीवाकडी फट राहते. उष्णता फार झाली, तर धातूची वाफ होऊन खोल खळगा पडतो. तो मिटताना तळाशी बुडबुडा कोंडतो. तिसरं कारण, भुकटीच्या कणांतच आधीपासून अडकलेला वायू. अनारशाला जाळी पडली तर सुगरणीचं कौतुक होतं. धातूला पडली तर जिवावर बेततं. कारण लाखो वेळा हिसके बसले, की ताण पोकळीच्या कडेशी एकवटतो आणि तिथूनच तडा निघतो.

म्हणून ही कला टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. ९ मे २०२४ रोजी इस्रोनं तामिळनाडूतील महेंद्रगिरी येथे याच रीतीनं बनवलेलं, पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. पूर्वीचे १४ भाग एकसंध झाले, १९ सांधे वाचले. ५६५ किलो धातूऐवजी १३.७ किलो भुकटी पुरली. पण सांधे गेले, तसा सारा भरवसा आता थराथरावर आला.

उपाय आहेत. क्ष-किरणांनी वस्तूचं अंतरंग पाहता येतं. टायटॅनियमच्या मिश्रधातूची वस्तू सुमारे ९२० अंश सेल्सिअसला, हवेच्या हजारपट दाबाखाली, आर्गॉन वायूत दोनेक तास ठेवली की आतल्या पोकळ्या बहुतेक मिटतात. मात्र पृष्ठभागावर उघडणाऱ्या पोकळीत तो वायूच शिरतो. ती मिटत नाही.

मी त्या मुलाला विचारलं, "अरे, तपासली होती ना?" तो म्हणाला, "होय सर, बाहेरून." पुढं तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. पट्टी मोडली तेव्हा सुदैवानं जवळ कोणी नव्हतं.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात एक माठ जरूर वाजवून दाखवा. आणि मग मुलांना विचारा, न वाजणारी खोट कशी शोधाल?