एका बाराचा हिशेब
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर माटोळी बांधली आहे. तिच्यातली केळी, नारळ, सुपारी आमच्याच पेडणे-डिचोलीच्या कुळागरांतली. ती इथवर पोचली, कारण कोणीतरी रात्र जागून ती राखली. त्या राखणीत आमच्या पिढ्यांना सोबत होती ठासणीच्या बंदुकीची. आज तिचा जमाखर्च मांडू.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी आधी ठासणीचीच बंदूक सांगितली आहे. ती अपुरी पडते असे अधिकाऱ्यांना पटले, तरच दुसरी. म्हणजे प्रत्येक बार हाताने भरणे आमच्या वाट्याला आलेच.

आधी जमेची बाजू. विकतचे काडतूस लागत नाही. दारू, छर्रे, केप एवढ्यावर भागते. नुसता आवाज काढायचा तर छर्रेही नकोत, आणि खरे पाहता पीक वाचते ते आवाजानेच. रानडुकरांचा कळप त्या रात्रीपुरता तरी पांगतो.

खर्चाची बाजू मोठी. पावसात दारू सादळते आणि नेमक्या वेळी बार फुसका जातो. दुसरा भरेपर्यंत जनावर पसार, किंवा जखमी असेल तर अंगावर. अंदाजाने दारू जास्त पडली तर नळी फुटते. आमच्या थोरल्या काकांच्या उजव्या हाताची दोन बोटे अशीच गेली. त्या वर्षापासून चवथीची पूजा धाकट्या काकांकडे आली.

काडतुसाची बंदूक असलेले काहीजण म्हणतात, रिकामी काडतुसे घरीच भरू, पैसे वाचतील. वाचतीलही. पण कायद्याच्या नजरेत ते दारूगोळा बनवणे ठरते. त्याला वेगळा परवाना लागतो. चार पैशांसाठी हातचा परवाना घालवू नये.

त्यात निवडणूक आली की बंदुका ठाण्यावर जमा करण्याचे हुकूम निघतात. २०२४ मध्ये गोव्यात लोकसभेचे मतदान ७ मे रोजी, ऐन काजूच्या दिवसांत झाले. माकडांना आचारसंहिता नसते!

गवा आपला राज्यप्राणी, मोर राष्ट्रीय पक्षी. त्यांच्यावर नेम धरायचा नाही. झुडूप हलले म्हणून तर बार टाकूच नये. तिथे शेजारीही असू शकतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : बंदूक असू द्या, पण आवाजापुरती. कुंपण वाड्याने मिळून घालावे, राखणीला पाळी लावावी. ज्याने माटोळीला घड दिला, त्याच्या कुळागरात आज रात्री आपल्यातला एकजण सोबतीला जाऊ दे.

गणपती बाप्पा मोरया!