शेरडाचं वजन कोण करतं?

(किनवट तालुक्यातील बचत गटांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



सकाळच्या सत्रात मी विचारलं होतं, गावात काटे किती? तुम्ही बोटांवर मोजून सांगितलंत. रेशन दुकानात आहे, किराणा दुकानात आहे. अंगणवाडीत लेकरं टांगायचा आहे. कापसाच्या वेचणीला तर शेतमालक काटा घेऊनच बांधावर येतो, कारण वेचणीची मजुरी किलोवर असते आणि तिथं अर्धा किलोसुद्धा कुणी सोडत नाही. मग मी विचारलं, शेळी विकताना कोणता काटा वापरता? तेव्हा मात्र सगळ्याजणी हसलात.

हसण्यासारखं त्यात आहेच. पण वेचलेल्या कापसाचं वजन होतं तेव्हा आपल्याला मजुरी द्यायची असते. शेळीचं वजन झालं तर आपल्याला किंमत द्यावी लागेल. एका ठिकाणी काटा हवा आणि दुसऱ्या ठिकाणी नको, हे कुणाच्या सोयीचं आहे ते वेगळं सांगायला नको.

विक्री कशी होते ते आठवा. व्यापारी किंवा खाटीक दारात येतो. पाठीच्या कण्यावर, कमरेच्या हाडावर हात दाबून बघतो, मागचे पाय धरून जनावर जरा उचलतो आणि एक आकडा बोलतो. हा त्याचा रोजचा धंदा आहे, हात तयार झालेला आहे. त्याला वजन कळतं. ते तो सांगत नाही इतकंच. सौदा बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाशी होतो. मोठ्या बैलबाजारात तर रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची रीत. परक्या पुरुषाच्या रुमालाखाली हात घालून बाई सौदा कसा करणार? बाजाराची रीतच अशी बसवलेली, की बाईनं लांब उभं राहून बघावं.

आता हे वजन येतं कुठून ते बघू. मी पशुवैद्य नाही, पण या कामात पडल्यापासून उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि दवाखान्यातल्या माणसांना विचारून, वाचून जे समजलं ते सांगते. तुम्हाला त्यातलं पुष्कळ आधीच माहीत आहे, फक्त वेगळ्या शब्दांत.

आपल्याकडची उस्मानाबादी शेळी काय किंवा धनगर-हटकरांची दख्खनी मेंढी काय, पिल्लू जन्मतं तेव्हा अडीच-तीन किलोच्या आसपास असतं. माणसाच्या बाळाएवढंच. पहिले तीन महिने आईच्या दुधावर ते भराभर वाढतं. दूध सुटलं की सगळा भार गवतावर, आणि इथंच अडतं. नुसत्या चराईवर कोकरू किंवा करडू दिवसाला साधारण 40 ते 60 ग्रॅम वाढतं. म्हणजे चहाची पत्ती मोजतो तेवढं.

इतकं कमी का? उष्ण प्रदेशातलं गवत फार घाईचं असतं. मृगाचा पाऊस पडला की आठवड्यात हिरवं होतं, श्रावणात कमरेला लागतं, आणि फुलोऱ्यावर आलं की ताठ होऊन बसतं. मारवेल, पवना, डोंगरी हे सगळं कोवळं असताना चांगलं. दिवाळीनंतर त्याच गवतातली प्रथिनं निम्म्यावर येतात. प्रथिनं शेकडा सातच्या खाली गेली, की जनावराच्या पोटातले जे सूक्ष्म जीव गवत पचवतात तेच उपाशी पडतात. मग पुढ्यात गवताचा ढीग असला तरी ते कमी खातं. आणि कुसळी गवत वाळलं की त्याची कुसळं लोकरीतून कातडीत शिरतात, तोंडात टोचतात. मराठवाड्यात जास्तीत जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत किनवट-माहूर येतात, गवताला इथं तोटा नाही. तरी उन्हाळ्यात शेरडं हाडं दाखवतात, त्याचं कारण हे.

पावसाळ्यातही सगळं सुखाचं नसतं. ओल्या कुरणात जंत वाढतात. त्यातला एक रक्त पिणारा असतो. डोळ्याची पापणी उलटून बघा, आतून पांढरी पडलेली दिसेल, पुढे जबड्याखाली पाणी साचतं. कोवळ्या गवतावर तुटून पडलेलं, कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू रात्रीतून मरतं, तो आंत्रविषार. त्याची लस पावसाळ्याआधीच द्यावी लागते. पहिला पाऊस पडल्यावर दवाखान्यात जाऊन उपयोग नाही.

म्हणजे पावसाळ्यात वाढ, हिवाळ्यात रेंगाळणं, उन्हाळ्यात घट. आता आपण विकतो कधी? जूनमध्ये. बियाणं घ्यायचं असतं, वह्यापुस्तकं घ्यायची असतात. नेमकं तेव्हा जनावर वर्षातलं सगळ्यात हलकं असतं. बकरी ईदेचंही सध्या तसंच झालं आहे. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते; 2025 साली 7 जूनला होती, 2030 च्या सुमारास एप्रिलमध्ये येईल. वर्ष पुरं झालेल्या, अंगात खोड नसलेल्या बोकडाला तेव्हा भाव असतो. पण उन्हाळाभर त्याला काही घातलं नसेल तर तो भाव दुसऱ्याचाच. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट, बाभळीच्या शेंगा, शेवरीचा पाला आणि मूठ-दोन मूठ सरकी पेंड एवढ्यावरही वाढ चांगली दीडपट-दुप्पट होते. भुसकट मात्र खळ्यावरून तुम्हीच गोळा करता, डोक्यावर तुम्हीच आणता, हे कुठल्याही पुस्तकात खर्चाच्या बाजूला लिहिलेलं मी पाहिलं नाही.

आता एक हिशोब करू. समजा व्यापाऱ्यानं बोकड 16 किलोचा धरला आणि तो खरा 19 किलोचा होता. तीन किलोचा फरक. जिवंत वजनाला 350 रुपये भाव धरला तर 1,050 रुपये गेले. पण रुपये बाजूला ठेवा. दिवसाला 50 ग्रॅम वाढ धरली, तर तीन किलो म्हणजे 60 दिवसांची चराई. दोन महिने कुणीतरी त्या जनावरामागं रानात हिंडलं, ते एका नजरेत पुसलं गेलं.

हे कुणीतरी कोण? बाई मजुरीला जाते. मग शेरडामागं म्हातारी सासू जाते किंवा पोरगी. मुलगा जातो तोही बहुधा शाळा सुटल्यावर. पोरीला मात्र शाळेतून काढूनच पाठवतात, कारण शेरडं दहा वाजता सोडायची असतात आणि शाळाही तेव्हाच भरते. पाचवी-सहावीत गळालेल्या मुलींच्या घरी जाऊन विचारा, किती घरात दावणीला शेरडं आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. त्या गाईच्या अंगावरच्या मांसात एका पोरीची शाळा गेलेली असते, आणि तिला त्याचा रुपयाही मिळत नाही. बटईनं दुसऱ्याच्या शेळ्या सांभाळणाऱ्यांचं तर विचारूच नका. तिथं अर्धी करडं मालकाची, पोरगी मात्र पूर्ण आपली.

ब्राझीलसारख्या देशात गिनी गवताच्या कुरणात मांसासाठी मेंढ्या वाढवतात. तिथले संशोधक कोकराची रोजची वाढ ग्रॅममध्ये आणि कुरणाचं उत्पन्न हेक्टरी किलोमध्ये मोजतात. चांगलं आहे. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनंही मोठं काम केलं. सुंदरबनातल्या गारोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून त्यांनी 'नारी सुवर्णा' तयार केली. पण जुळं झालं की प्रत्येक कोकरू हलकं असतं, आईचं दूध वाटलं जातं, वरचा चारा-खुराक लागतो. तो देणार कोण? जुळ्याचा फायदा मोजताना आणखी एक माणूस कामाला लागलं हेही मोजलं पाहिजे. योजनांचंही तेच. 2017 साली महाराष्ट्रात महामेष योजना आली, शेजारी तेलंगणातही मेंढीवाटप झालं. दोन्हीकडे 20 मेंढ्या आणि एक नर, 75 टक्के अनुदान. अर्जावर नाव कुणाचं, बँकेचं खातं कुणाचं, एवढं तरी आपण गावात बसून बघू शकतो.

आणि चारायचं कुठं, हा प्रश्न सगळ्याच्या मुळाशी आहे. 1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य बदललं तरी राखीव जंगलाची तार हटली नाही, पुढे पैनगंगा अभयारण्यही आलं. जंगल राखायचं ठरलं, की चराईबंदीचा ठराव होतो. ठराव पुरुष करतात. त्यानंतर लांबून पाला आणायला बाया जातात आणि गार्डाचं बोलणंही त्याच खातात. जंगल राखू नये असं मी म्हणत नाही. कोणता भाग कधी बंद, कोणता खुला, कोवळं गवत किती दिवस सोडायचं, हे ज्या रोज रानात जातात त्यांना विचारून ठरवा. वनहक्क कायदा 2006 चा आहे. त्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, हेही त्यातच आहे. ग्रामसभेत सामूहिक दाव्याचा नकाशा काढताना पाणवठे आणि चराईच्या वाटा त्यात आल्या का, ते बघायला बायांनी बसलंच पाहिजे.

आता काट्याचं. काटा येईपर्यंत शिवणकामाची टेप चालेल. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा, आणि 660 नं भागा. घेर 24, लांबी 22 असेल तर 19 किलोच्या थोडं वर येतं. हा अंदाजच आहे, किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. लोकर वाढलेल्या मेंढीत तर जास्तच, म्हणून टेप लोकर दाबून धरायची. गाभण शेळीला हा हिशोब लावू नका.

ज्या गटांकडे शिल्लक आहे त्यांनी कापूस तोलतात तसला टांगायचा काटा घ्यावा, सगळ्या गटात एक पुरतो. पोत्याला पायांसाठी चार भोकं पाडून झोळी करा आणि आधी रिकामी झोळी तोलून घ्या. वजन सकाळी, शेरडं सोडायच्या आधी करा, नाहीतर पोटातलं पाणी आणि पाला धरून व्यापारी वाद घालेल. महिन्यातून एकदा करा आणि वहीत लिहा. शाळेत जाणारी पोरगी असेल तर वही तिच्याकडे द्या.